रात्रीच्या विजेचे छायाचित्र कसे काढतात आणि त्यासाठी वादळ कसे ओळखतात

वीज चमकलेली डोळ्यांना दिसते, मेंदूला कळते आणि बोट कॅमेऱ्याचे बटण दाबते, एवढ्यात साधारण पाव सेकंद निघून जातो. विजेचा एक अख्खा लखलखाट बहुधा तेवढ्याच वेळात, फार तर अर्ध्या सेकंदात, संपतो. त्यामुळे वीज दिसली की फोटो काढायचा, हा बेत रात्रीच्या अंधारात क्वचितच जमतो. विजेची छायाचित्रे काढणारे लोक वीज पडण्याच्या आधीच शटर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड आत सोडणारा पडदा, उघडून बसलेले असतात. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवलेला असतो, समोर ढग असतो आणि शटर वीस सेकंद उघडे राहून मिटते व लगेच पुन्हा उघडते. त्या वीस सेकंदांत वीज चमकली, तर ती आपोआप छायाचित्रात उतरते. न चमकल्यास काळोखाचे एक चित्र पुसून टाकावे लागते. या कामातले बाकीचे सगळे कौशल्य, म्हणजे कोणत्या ढगासमोर, किती अंतरावर आणि कोणत्या बाजूला उभे राहायचे हे ठरवणे, या एका गोष्टीतून निघते.

दिवसा आपण शटरची वेळ कमी-जास्त केली की चित्र काळवंडते किंवा उजळते, कारण समोरच्या दृश्यावर उजेड सतत पडत असतो. विजेचे तसे नसते. शटर पाच सेकंद उघडे ठेवा किंवा तीस सेकंद, वीज त्यातला जेमतेम अर्धा सेकंद चमकणार, आणि उरलेल्या वेळात तिच्याकडून सेन्सरला, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपला, काहीही मिळणार नाही. म्हणून विजेची रेघ चित्रात किती तेजस्वी उमटेल हे अ‍ॅपर्चर आणि आयएसओ या दोन गोष्टी ठरवतात; पहिली म्हणजे लेन्समधून उजेड आत येतो ते छिद्र आणि दुसरी म्हणजे सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता. शटरच्या वेळेवर अवलंबून असते ते बाकीचे दृश्य, म्हणजे गावातले दिवे, रस्त्यावरच्या गाड्या, ढगांच्या पोटावर पडलेला शहराचा पिवळट उजेड. हा फरक एकदा नीट समजला की आकडे पाठ करण्याची गरज उरत नाही. दहा ते वीस किलोमीटरवरच्या विजेसाठी आयएसओ १०० किंवा २०० आणि अ‍ॅपर्चर एफ/५.६ ते एफ/८ (एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) ही बरी सुरुवात आहे. वीज जवळ आली आणि तिची रेघ पांढरीफटक, जाड दिसू लागली, तर अ‍ॅपर्चर एफ/११ पर्यंत लहान करावे. ढग क्षितिजापलीकडे गेला, तर एफ/४ पर्यंत मोठे करावे. पुण्यासारख्या शहराच्या कडेला शटर पाच-आठ सेकंदांहून जास्त वेळ उघडे ठेवले की आकाश धुरकट केशरी होते, तर वस्तीपासून दूर माळरानावर तेच शटर तीस सेकंद उघडे ठेवता येते.

फोकसकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो आणि ऐन वेळी शटर उघडतच नाही. म्हणून फोकस मॅन्युअलवर ठेवावा, मागच्या पडद्यावर दूरचा एखादा दिवा, मोबाइल टॉवरचा लाल दिवा असल्यास उत्तमच, मोठा करून पाहावा, आणि तो लहानात लहान ठिपका दिसेपर्यंत लेन्सची कडी फिरवावी. लेन्सवर अनंताची खूण असते, पण बऱ्याच लेन्सची कडी त्या खुणेच्या पुढेही फिरते, त्यामुळे नुसत्या खुणेवर विसंबून चालत नाही. आणखी एक बारीक गोष्ट सांगायला हवी. अनेक कॅमेऱ्यांत जास्त वेळाच्या एक्सपोजरनंतर चित्रातले दाणे कमी करण्यासाठी तेवढ्याच वेळाचे दुसरे, काळे चित्र घेण्याची सोय असते. ती चालू राहिली तर वीस सेकंदांच्या प्रत्येक चित्रामागे कॅमेरा वीस सेकंद आंधळा होतो, आणि निम्म्या विजा हातच्या जातात. ती बंद करावी, आणि कॅमेरा ट्रायपॉडवर असताना थरथर रोखणारी यंत्रणाही बंद करावी. फोनमधल्या ‘प्रो’ मोडमध्ये हीच पद्धत बऱ्यापैकी चालते. फोनवर व्हिडिओ घेतला तर मात्र कधी कधी चित्राचा वरचा अर्धा भाग काळा आणि खालचा उजळ असा पट्टा दिसतो, कारण फोनचा सेन्सर चित्र एकदम न टिपता ओळीओळीने वाचतो आणि वाचन अर्ध्यावर असताना वीज चमकून गेलेली असते.

आता हा अर्धा सेकंद आत उघडून पाहू, कारण चित्रात जे उमटते ते सगळे याच काळात घडलेले असते. वादळी ढगाचा तळ जमिनीपासून एक-दोन किलोमीटरवर असतो आणि माथा बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत, कधी त्याहूनही वर पोहोचतो. आतून वर चढणाऱ्या हवेच्या झोताबरोबर पाण्याचे थेंबही वर जातात. उणे दहा ते उणे वीस अंश सेल्सिअस तापमानाच्या पट्ट्यात तीन गोष्टी एकत्र नांदतात: गोठणबिंदूच्या खाली जाऊनही न गोठलेले पाणी, हलके हिमस्फटिक आणि गारेची पहिली पायरी म्हणता येतील असे मऊ हिमकण. हे कण आणि स्फटिक एकमेकांवर आपटून दूर होतात, तेव्हा जड कणांवर बहुधा ऋण आणि हलक्या स्फटिकांवर धन विद्युतभार राहतो. हलके स्फटिक झोताबरोबर माथ्याकडे जातात, जड कण मध्यभागी रेंगाळतात, आणि ढगाच्या दोन भागांत प्रचंड विद्युतदाब तयार होतो. यावरून हेही लक्षात येते की ज्या ढगाचा माथा या गोठलेल्या पट्ट्यापर्यंत पोहोचत नाही, तो कितीही काळाकुट्ट दिसला तरी त्यातून विजेची फारशी आशा धरू नये. ऐन पावसाळ्यात कोकणात दिवसदिवस मुसळधार पाऊस कोसळतो, पण वळवाच्या एका संध्याकाळी दिसतात तेवढ्या विजा सहसा दिसत नाहीत, याचे मुख्य कारण हेच आहे.

बहुतेक विजा ढगातल्या ढगातच राहतात. जमिनीपर्यंत पोहोचतात त्या साधारण चारातली एक. ती खाली येते तेव्हा एका झेपेत येत नाही. ढगातून निघालेली एक अंधूक, फाटे फुटत जाणारी वाट सुमारे पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी खाली सरकते आणि प्रत्येक टप्प्यानंतर सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांइतकी थबकते. तिला स्टेप्ड लीडर म्हणतात. ती जमिनीजवळ आली की झाडे, मनोरे, इमारती, क्वचित माणसे यांच्यापासून वर झेपावणाऱ्या लहान वाटा निघतात. त्यातल्या एकीची गाठ पडली की साखळी पूर्ण होते, आणि मग तीस हजार अँपिअरच्या आसपासचा प्रवाह त्या मार्गाने वाहतो. या वेळी उजळणारी लाट जमिनीकडून वर, प्रकाशाच्या वेगाच्या साधारण एक तृतीयांश वेगाने जाते. तिला रिटर्न स्ट्रोक म्हणतात. जेमतेम काही सेंटीमीटर जाडीच्या त्या नळीतली हवा तीस हजार अंशांच्या आसपास, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे पाचपट तापते आणि एकदम फुगते. गडगडाट होतो तो त्या फुगण्याचा. बहुतेक वेळा त्याच वाटेने आणखी दोन-तीन स्ट्रोक येतात, मधे सेकंदाचा विसावा भाग वगैरे जातो, आणि म्हणूनच वीज डोळ्यांना लुकलुकल्यासारखी दिसते.

हे माहीत झाले की चित्र निराळ्या नजरेने वाचता येते. एखादे चांगले छायाचित्र संगणकावर पूर्ण मोठे करून पाहावे. ज्या रेघेने जमीन गाठली ती पांढरी आणि जाड असते. तिच्या बाजूंना फुटलेले फाटे जांभळट, बारीक असतात आणि हवेतच विरतात. त्या होत्या जमिनीपर्यंत न पोहोचलेल्या वाटा. फाट्यांची टोके खाली वळलेली असतील तर वीज ढगातून खाली आली, आणि टोके वर पसरलेली असतील तर ती बहुधा एखाद्या उंच मनोऱ्यावरून वर गेली. कधी मुख्य रेघेला चिकटून तशाच वळणांच्या दोन-तीन समांतर रेघा दिसतात. अशा वेळी पहिल्या आणि पुढच्या स्ट्रोकच्या मधल्या क्षणात जोरदार वाऱ्याने ती तापलेली नळीच थोडी बाजूला सरकवलेली असते. कॅमेरा हलला असता तर खालचे दिवेही तसेच दुहेरी दिसले असते, म्हणून आधी दिवे तपासावेत.

विजेच्या अंतरंगाची ही माहिती मोठ्या प्रमाणावर छायाचित्रांतूनच मिळालेली आहे, आणि म्हणून मला हा छंद निव्वळ सुंदर चित्रे जमवण्याच्या पलीकडचा वाटतो. १८८२ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम जेनिंग्ज यांनी काचेच्या प्लेटवर वीज टिपली, तेव्हा चित्रकार वर्षानुवर्षे काढत आलेली टोकदार कोनांनी मोडत जाणारी वीज आणि प्रत्यक्षातली नदीच्या उपनद्यांसारखी फाटे फुटलेली वीज यांतला फरक लोकांना समोरासमोर दिसला. त्यानंतर इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हर्नन बॉइज यांनी एका फिरत्या तबकडीवर व्यासाच्या दोन टोकांना दोन लेन्स बसवून कॅमेरा तयार केला. तबकडी फिरताना दोन्ही लेन्स विरुद्ध दिशांना सरकतात, त्यामुळे विजेचा जो भाग आधी उजळला आणि जो नंतर उजळला, ते दोन चित्रांत उलट-सुलट बाजूंना तिरपे होतात, आणि त्या तिरपेपणावरून वेग काढता येतो. या कॅमेऱ्याचे खरे चीज १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत झाले. जोहान्सबर्गच्या पठारावर उन्हाळ्यात वादळांची रेलचेल असते. तेथे बेसिल शॉनलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने विजा टिपल्या, आणि वीज टप्प्याटप्प्याने खाली उतरते व उजेड खालून वर जातो हे मोजून दाखवले.

वादळांमागे गाडीने हिंडण्याची परंपरा अमेरिकेतली आहे आणि ती तिथेच का रुजली याला भूगोलाची कारणे आहेत. टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का या सपाट मैदानी राज्यांत वसंत ऋतूत दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखाताची उष्ण, दमट हवा येते, पश्चिमेच्या उंच प्रदेशांतून कोरडी हवा तिच्यावर येऊन धडकते आणि त्याहून वर वेगवान पश्चिमी वारे वाहत असतात. जमिनीजवळचा आणि उंचीवरचा वारा असा वेगवेगळ्या दिशांनी व वेगांनी वाहिला की ढगातला वर चढणारा झोत स्वतःभोवती फिरू लागतो, पाऊस त्या झोतावर न पडता बाजूला पडतो, आणि ढग अर्ध्या-पाऊण तासात विझण्याऐवजी कित्येक तास टिकतो. अशा ढगाला सुपरसेल म्हणतात. टिकणारा ढग, कित्येक किलोमीटर मोकळे क्षितिज आणि चौकटीसारखे आखलेले सरळ रस्ते असल्यामुळेच पाठलाग शक्य होतो. डेव्हिड होडली यांनी १९५६ मध्ये नॉर्थ डकोटात या छंदाला सुरुवात केली आणि १९७७ मध्ये वादळवेड्यांसाठी ‘स्टॉर्म ट्रॅक’ हे वार्तापत्र काढले. २४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातल्या युनियन सिटीजवळच्या चक्रीवावटळीचे (टॉर्नेडोचे) शास्त्रज्ञांच्या पथकाने जमिनीवरून चित्रीकरण केले आणि त्याच वेळी नॉर्मन येथील डॉप्लर रडारनेही (ढगातल्या वाऱ्याचा वेगही मोजणाऱ्या रडारनेही) तिला टिपले. दोन्ही नोंदी ताडून पाहिल्यावर वावटळीची चाहूल रडारवर आधी दिसते हे लक्षात आले, आणि आजच्या सूचनाव्यवस्थेची पायाभरणी त्यातून झाली.

त्या मैदानांवर रात्रीही वादळे जोमात असतात, आणि याचे कारण विलक्षण आहे. सूर्य मावळला की जमिनीलगतची हवा थंड होऊन शांत होते आणि तिच्यावरच्या काही शे मीटर उंचीवरच्या वाऱ्याला खालच्या जमिनीचे घर्षण जाणवेनासे होते. तो दक्षिणेचा वारा मग रात्री वेग घेतो आणि आखाताची दमट हवा उत्तरेकडे ओतत राहतो. सुटी वादळे एकमेकांत मिसळून शेकडो किलोमीटर रुंदीचे समूह तयार होतात आणि पहाटेपर्यंत चालतात. अशाच एका समूहात २२ ऑक्टोबर २०१७ रोजी पूर्व टेक्सासपासून कॅन्सस सिटीच्या परिसरापर्यंत ८२९ किलोमीटर लांबीची एक वीज धावली. जागतिक हवामान संघटनेने २०२५ मध्ये तिची सर्वांत लांब वीज म्हणून नोंद केली. इतके सारे वैभव असूनही रात्रीचा पाठलाग अनुभवी माणसेही टाळतात, कारण अंधारात वावटळ दिसत नाही. न दिसणाऱ्या वावटळीची किंमत दिवसाही मोजावी लागली आहे. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रिनोजवळ पावसाच्या पडद्याआड दडलेली वावटळ झपाट्याने वाढून ४.२ किलोमीटर रुंद झाली आणि तिने दिशा बदलली. त्यात संशोधक टिम सॅमरस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांचा मृत्यू झाला. सॅमरस हे बेफिकीर माणूस मुळीच नव्हते. सावधपणाबद्दल त्यांचा लौकिक होता, आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने वीज जमिनीला नेमकी कशी भिडते ते टिपण्याचाही ते प्रयत्न करत होते.

महाराष्ट्रात हे चित्र पुष्कळ वेगळे आहे. एप्रिल-मे महिन्यांत जमीन तापलेली असते, अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर या दोन्हीकडून बाष्प येते, आणि विदर्भापासून दक्षिणेकडे तमिळनाडू-केरळपर्यंत हवेच्या कमी दाबाचा एक पट्टा अनेकदा पसरलेला असतो; हवामान खात्याच्या पत्रकात त्याचा उल्लेख दिसला की वळवाच्या पावसाची शक्यता वाढली असे समजावे. परंतु आपल्याकडचे बहुतेक ढग दुपारच्या उन्हावर पोसलेले असतात. तीन-चारच्या सुमारास ते उभे राहतात, संध्याकाळी भरात येतात आणि सुटा ढग असला तर तासाभरात विरतो. तो दिसल्यावर गाडी काढून, घाटातून आणि वाहतुकीतून वाट काढत त्याच्यामागे धावण्यात काही हशील नाही. आपण पोहोचेपर्यंत तो संपलेला असतो आणि पावसात, अंधारात गाडी हाकण्याचा धोका तेवढा उरतो. आपल्या परिसरात मोकळे क्षितिज दिसेल अशी, पक्के छत जवळ असलेली दोन-तीन ठिकाणे आधी दिवसा हेरून ठेवावीत आणि ढग कोणत्या बाजूला उभा राहतो त्यानुसार त्यातले एक निवडावे, ही पद्धत आपल्याकडे जास्त उपयोगी पडते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस परतताना, सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये, पुन्हा अशा संध्याकाळी येतात आणि तेव्हा हवा धुऊन निघालेली असल्यामुळे दूरची वीज अधिक स्वच्छ दिसते.

ठिकाण निवडताना हवामान खात्याच्या मुंबई, नागपूर, गोवा येथील डॉप्लर रडारची चित्रे संकेतस्थळावर पाहता येतात. लागोपाठची दोन चित्रे ताडून पाहिली की ढग कोणीकडे सरकतो आहे ते कळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ अ‍ॅप आपल्या आसपासच्या २० ते ४० किलोमीटर परिघातल्या विजा दाखवते. ढग ज्या वाटेने येतो आहे त्या वाटेवर उभे न राहता तो आपल्या बाजूने निघून जाईल अशी जागा धरावी. त्यामुळे पावसाचा पडदा आणि वीज या दोन्हींचे पूर्ण चित्र मिळते आणि लेन्सवर थेंबही उडत नाहीत. पंधरा-वीस किलोमीटर हे अंतर मला सर्वांत योग्य वाटते. ढगाचा तळ दोन किलोमीटर उंच असेल, तर दहा किलोमीटरवरून पडणाऱ्या विजेची दिसणारी उंची सुमारे अकरा अंश भरते आणि वीस किलोमीटरवरून सहा अंशांहून थोडी कमी. म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्याची (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) पन्नास मिलिमीटर लेन्स तिला ढगाच्या तळासकट आरामात सामावून घेते. फार रुंद लेन्स लावली तर डोळ्यांना भव्य वाटलेली वीज चित्रात काडीएवढी दिसते.

अंतर मोजण्याची रीत सोपी आहे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की किलोमीटर मिळतात, कारण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हे अंतर तीस सेकंदांच्या आत, म्हणजे दहा किलोमीटरच्या आत आले, की कॅमेरा बाहेर कितीही सुंदर चित्रे टिपत असला तरी माणसाने आत गेलेच पाहिजे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबले पाहिजे. दहा किलोमीटर ही अभेद्य भिंत मात्र नाही. ढगाच्या माथ्यातून निघालेली वीज कधी कधी आडवी जाऊन पंधरा किलोमीटरहून अधिक अंतरावर, निरभ्र आकाशाखालच्या जमिनीवर पडते. म्हणून गडगडाट ऐकू येतो आहे, एवढे कारणही आत जाण्यासाठी पुरेसे आहे.

आत म्हणजे कुठे, हे नीट सांगणे गरजेचे आहे, कारण भारतात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने दगावतात आणि त्यात शेतात काम करणारे, जनावरे राखणारे आणि पाऊस चुकवण्यासाठी झाडाखाली थांबलेले लोक फार असतात. झाडावर वीज पडली की ती खोडावरून उडी मारून शेजारच्या माणसाकडे येते आणि मुळांलगतच्या जमिनीतूनही पसरते. वायरिंग आणि नळ असलेली पक्की इमारत सुरक्षित असते, तसेच चारही बाजूंनी पत्रा असलेली, काचा वर केलेली मोटारही. मोटार वाचवते ती तिच्या पत्र्यामुळे, कारण प्रवाह बाहेरच्या बाजूने जमिनीत जातो. रबरी टायरचा त्यात काही वाटा नसतो. दुचाकी, रिक्षा, शेतातली उघडी शेड, बसथांबा यांतून संरक्षण मिळत नाही. किल्ल्याचा बुरूज किंवा डोंगराचा माथा क्षितिजासाठी मोहात पाडतो, परंतु वीज चमकत असताना ती सर्वांत वाईट जागा असते. बाल्कनीत कठड्याला टेकून उभे राहण्यापेक्षा खोलीत, ग्रिलपासून दूर ट्रायपॉड लावून खिडकीतून चित्र घ्यावे. कुणावर वीज पडलीच, तर त्याच्या अंगात विद्युतभार उरत नाही. त्याला लगेच हात लावावा, श्वास थांबला असेल तर छाती दाबून सीपीआर सुरू करावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा.

घरी आल्यावर एका गोष्टीबाबत प्रामाणिक राहावे. तासाभरात घेतलेल्या अनेक चित्रांतल्या विजा संगणकावर एकाच चित्रात रचता येतात आणि मग एकाच क्षणी डझनभर विजा कोसळल्याचा देखावा तयार होतो. असे चित्र रचायला हरकत नाही, पण ते रचलेले आहे आणि किती वेळातल्या विजा त्यात आहेत, हे खाली लिहावे. एकेका मूळ चित्रासोबत दिनांक, वेळ, ठिकाण, कॅमेऱ्याची दिशा आणि गडगडाट किती सेकंदांनी आला ही नोंद ठेवली, तर त्यावरून वीज साधारण कोणत्या गावाच्या बाजूला पडली हे नकाशावर काढता येते आणि त्या वेळच्या रडारच्या चित्राशी ते ताडूनही पाहता येते.